वस्तीतले कोडिंग वर्ग आणि 'जोखीमग्रस्त' मुलं : पार्श्वभूमी

मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत शाळा सुटल्यावर भरणारे कोडिंग वर्ग गेल्या दहा वर्षांत एवढे वाढले, त्याचं मूळ संगणकात कमी आणि कंपनी कायद्यात जास्त आहे. १ एप्रिल २०१४पासून ५०० कोटींचं नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी टप्पा गाठणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं भाग पडलं. शिक्षण आणि रोजगाराची कौशल्यं मान्य यादीत होतीच. आयटी कंपन्यांना आपल्या धंद्याजवळचं काम सोयीचं वाटलं, यात नवल नाही.

त्याआधीचं थोडक्यात. १९८४-८५मध्ये केंद्राने देशातल्या काही निवडक शाळांत ब्रिटिश बनावटीचे संगणक पाठवले, त्यांतले बरेच कुलपात राहिले. १९९९मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत बसवलेल्या संगणकाचा प्रयोग गाजला. २००१मध्ये राज्यात एमएससीआयटी आली आणि तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरही संगणक केंद्र दिसू लागलं. पण त्यातून तयार झाला तो ऑपरेटर, प्रोग्रॅमर नव्हे. संध्याकाळच्या वर्गाचा साचा मात्र बाहेरचा. १९९३मध्ये बोस्टनच्या एका संग्रहालयात गरीब घरांतल्या दहा ते अठरा वयाच्या मुलांसाठी शाळेनंतरचा संगणक क्लब सुरू झाला, तिथला.

त्या साच्याबरोबर एक शब्दही आला, आणि खरी गुंतागुंत तिथे आहे. अमेरिकेत 'ॲट रिस्क', म्हणजे जोखमीत असलेला, हा शब्दप्रयोग १९८३च्या एका सरकारी अहवालाने घरोघरी नेला. त्यात जोखमीत होतं ते अख्खं राष्ट्र. पुढे ती जोखीम राष्ट्रावरून उतरून मुलाच्या डोक्यावर बसली. कॅलिफोर्नियाने तर १ जानेवारी २०२०पासून आपल्या कायद्यांतून हा शब्द काढून त्या जागी 'ॲट प्रॉमिस', म्हणजे आशादायी, घातला. आपल्याकडे तो देणगीदारांच्या अर्जांतून शिरला आणि मराठीत त्याचा झाला 'जोखीमग्रस्त किशोरवयीन'. मराठी माणसाला ग्रस्त म्हटलं की पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, प्रकल्पग्रस्त आठवतात. म्हणजे ज्यांच्यावर काहीतरी येऊन कोसळलं आणि ज्यांना भरपाई मिळायची आहे असे लोक. येरवड्याच्या एका वर्गात अर्जावर सही करायला आलेल्या आईने वर्ग चालवणाऱ्या ताईंना सरळच विचारलं होतं, "आमचा पोरगा कशाने ग्रस्त आहे?" ताईंकडे उत्तर नव्हतं. सही झाली.

कायद्यात हा शब्द नाहीच. २०१५च्या बाल न्याय कायद्याला दोनच प्रकार माहीत आहेत : काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक आणि विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे कायदा मोडल्याचा आरोप असलेलं, बालक. वर्गात येणारी बहुतेक मुलं यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो. बालकामगार कायद्याच्या २०१६च्या दुरुस्तीनंतरही चौदा ते अठरा वयाच्या मुलाला धोकादायक नसलेल्या कामावर ठेवता येतं. त्यामुळे नववीत शाळा सोडून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसणारा पंधरा वर्षांचा मुलगा ना बालकामगार, ना शाळाबाह्य बालक. तो कुठेच मोजला जात नाही. म्हणून 'जोखीमग्रस्त' कोण, हे शेवटी अर्ज भरणाऱ्याच्या हातात राहतं. कट्ट्यावर बसणारा, पोलीस चौकी पाहून आलेला मुलगा अहवालातल्या फोटोत शोभतो. दहावीला बरे मार्क पडलेली, पण घरात लग्नाची बोलणी सुरू झालेली मुलगी कुणाला जोखमीत दिसतच नाही. आणि निवड करताना पुन्हा गळणार नाहीत अशीच मुलं घेतली जातात, कारण हिशेब लाभार्थ्यांच्या आकड्यावर चालतो. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. दहावीची परीक्षाही त्याच सुमारास. लॅपटॉप नेमके फेब्रुवारीच्या शेवटी आलेले मी दोनदा पाहिले आहेत.

वर्गात शिकवलं काय जातं, हे बहुतेकांना माहीत आहे. आधी स्क्रॅच या मुलांसाठीच्या चित्रमय कोडिंगमधलं मांजर, मग वेबपेज, मग पायथन किंवा जावा या संगणकाच्या भाषा. त्यातलं जावा शिकताना एक मुलगी अर्धा तास एका चुकीवर अडकली होती. ओळीच्या शेवटचं चिन्ह राहिलं होतं. सर 'सेमीकोलन' म्हणत होते, ती कीबोर्डवर सी शोधत होती. शेजारचीने सांगितलं, "अगं, अर्धविराम!" तो तिला चांगला माहीत होता, व्याकरणात दोन मार्कांना येतो. सात वाजता ती उठली, कारण पाणी साडेसातला येतं.

या मुलांची खरी अडचण वर्गाच्या बाहेर होती. आयटी कंपन्यांच्या भरतीत वर्षानुवर्षं 'सिक्स्टी थ्रूआउट' चालत आलं. दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे ६० टक्के, आणि शिक्षणात मोठी गॅप नको. हजारो अर्ज चाळायची सोय म्हणून ही अट आली असेलही. पण नववीत नापास झाला, वर्षभर कामाला गेला, बाहेरून परीक्षा देऊन परत आला, हे चरित्र ज्या दारातून मुलाला आत घेतं, त्याच चरित्रावर दुसरं दार बंद होतं. अनेकदा दोन्ही दारं एकाच कंपनीची असतात. सामाजिक जबाबदारी एका मजल्यावर, मनुष्यबळ विभाग दुसऱ्यावर. चेन्नईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने २००५च्या आसपास बारावी आणि डिप्लोमा झालेल्या मुलांना स्वतःच शिकवून कामावर घ्यायला सुरुवात केली. २०१७च्या सुमारास एका मोठ्या कंपनीनेही बारावीनंतर थेट भरतीची वाट काढली, पण तिथेही गणित आणि टक्के आलेच.

२०२०मध्ये दोन गोष्टी एकदम घडल्या. जुलैत नव्या शैक्षणिक धोरणाने उच्च प्राथमिक टप्प्यापासून कोडिंग सुचवलं. ऑगस्टमध्ये लहान मुलांना ऑनलाइन कोडिंग शिकवणारी एक कंपनी ३० कोटी डॉलरना विकली गेली. तिच्या जाहिरातीत अस्तित्वातच नसलेल्या एका मुलाला कोट्यवधींची नोकरी लागली होती. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने हटकल्यावर अशा काही जाहिराती मागे घेतल्या गेल्या. त्याच महिन्यांत वस्तीतल्या वर्गांत तीन भावंडांत एक फोन होता आणि रिचार्ज संपला की वर्ग संपत होता.

नोव्हेंबर २०२२नंतर कोड लिहून देणारी एआय साधनं सर्रास झाली. २०२३-२४ या आर्थिक वर्षात देशातल्या तीन मोठ्या आयटी कंपन्यांची मिळून कर्मचारीसंख्या सुमारे ६४ हजारांनी घटली. त्यात मंदावलेल्या मागणीचा वाटा मोठा होता, पण वस्तीत कारण एकच सांगितलं जातं : एआय. वर्गांच्या फलकांवरचं 'कोडिंग'ही त्याच शब्दाने खोडलं गेलंय. यंदा पाहिलेल्या एका अर्जात 'जोखीमग्रस्त' हा शब्द जाऊन 'होतकरू' आला आहे. त्याच्यापुढे कंसात बारीक अक्षरात लिहिलंय, दहावीत किमान ५० टक्के.