खिळ्यावरचे आठ चिमणे

मुंबईतल्या खेतवाडीतलं घर. घराच्या तबेल्यात भिंतीला एक भोक, त्यात चिमणीचं घरटं. चिमणी आत अंड्यांवर बसलेली आणि चिमणा बाहेर, भोकाजवळच्या खिळ्यावर राखणीला. तबेल्यात लावलेल्या गाडीमागे दबा धरून बसलेल्या दहा वर्षांच्या सलीमने, म्हणजे पुढे पक्षिशास्त्रज्ञ झालेल्या सलीम अलींनी, छऱ्याच्या बंदुकीने तो चिमणा टिपला. थोड्याच वेळात चिमणीने नवा जोडीदार मिळवला. तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. सलीमने त्यालाही टिपलं. मग तिसरा आला. असे 7 दिवसांत 8 चिमणे.

आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण हे आपल्यापर्यंत पोहोचलं ते या मुलाने सगळं लिहून ठेवलं म्हणून. शिकारीची फुशारकी मिरवायलाच त्याने ते लिहिलं होतं, तरी आकड्यावर न थांबता खिळा कुठे होता, चिमणी काय करत होती, नवा नर किती लवकर आला, हेही त्याने टिपलं. ही नोंद 1906-07 मधली.

पक्षिशास्त्रात पुढे ही एक रीतच झाली. घरट्यावरचा नर बाजूला काढायचा आणि त्याची जागा भरायला किती वेळ लागतो ते पाहायचं. जागा चटकन भरली, तर आसपास घरटं नसलेले, जोडीविना हिंडणारे नर बरेच आहेत असा अर्थ निघतो. घरटी मोजून त्यांचा पत्ता लागत नाही. भिंतीतलं चांगलं भोक चिमण्यांना सहजी मिळत नाही. म्हणून एक जागा रिकामी झाली की दुसरा लगेच हजर. खेतवाडीतल्या पोराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण निरीक्षण चोख होतं.

सलीम अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा. आईवडील लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी वाढवलं. गळ्यावर पिवळा डाग असलेल्या चिमणीची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते: बंदुकीने टिपलेली ती चिमणी खाल्लेली चालेल का, असा प्रश्न मुलाला पडला. मामांनाही पक्षी ओळखता येईना, तेव्हा त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. साल 1908 च्या सुमाराचं. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, ती पीतकंठी चिमणी होती. मग त्यांनी एकामागून एक कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी मुलाला दाखवले. मला या गोष्टीत मिलार्ड फार मोठे वाटतात. एका अनोळखी मुलाच्या प्रश्नाला त्यांनी स्वतःचा वेळ दिला.

तरी सलीम अलींच्या विचाराची ठेवण पाहायची तर मी तबेल्यातल्या नोंदीकडेच बोट दाखवीन. 1930 साली ते बर्लिनहून शिकून परतले होते आणि हाताला नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीवर नजर ठेवली. मराठीत आपण या पक्ष्याला 'सुगरण' म्हणतो आणि विणकामाचं कौतुक मादीच्या पदरात टाकतो. प्रत्यक्षात विणतो तो नर. गवताच्या, भाताच्या पात्यांच्या चिरफळ्या काढून तो उलट्या टोपीसारखा अर्धा खोपा बांधतो आणि थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात. एखादीला खोपा पसंत पडला की जोडी जमते आणि नर खालची नळी विणून खोपा पुरा करतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबकळत राहतात.

हा क्रम मेलेल्या पक्ष्याच्या कातडीवरून कधीच कळला नसता. त्या काळी पक्षिशास्त्र म्हणजे मुख्यतः कातडी जमवणं आणि नावं लावणं. किहीमला सलीम अली एकाच झाडासमोर दिवसच्या दिवस बसले, कोण कुणाच्या खोप्यात शिरलं ते टिपत. चिमणीच्या घरट्यासमोरही ते असेच बसले होते. या वेळी हातात बंदूक नव्हती, एवढंच.

ती बालपणीची नोंद सुमारे 60 वर्षांनी पक्षिनिरीक्षकांच्या एका वार्तापत्रात छापून आली. ती शिकारीची बढाई म्हणून लिहिली होती, हे सांगून त्यांनी तिचा अभिमानही बोलून दाखवला.