रूल्स लॉयर वेगळा, पॉवरगेमर वेगळा

डी अँड डी, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कॅरॅक्टर घेऊन, फासे टाकून खेळायचा साहसाचा खेळ; त्याच्या टेबलावर कोणी नियमांवरून कटकट केली, किंवा कोणाचं कॅरॅक्टर जरा जास्तच भारी निघालं, की दोघांवर ‘पॉवरगेमर आहे रे’ असा एकच शिक्का बसतो. खरं तर रूल्स लॉयर, म्हणजे नियमांवरून वकिली करणारा, भांडतो ते खेळ चालू असताना. पॉवरगेमरचं, म्हणजे नियमांत बसवून भारीत भारी कॅरॅक्टर बांधणाऱ्याचं, काम डोंबिवली-दादर लोकलमध्ये, मोबाइलवर, तुम्ही भेटायच्या आधीच उरकलेलं असतं.

एकच नियम घेऊ. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत रोगला (rogue, चोरट्या चालीचं कॅरॅक्टर) स्नीक अटॅक, म्हणजे संधी साधून केलेला जादा मारा, टर्नला (कोणाच्याही एका खेळीला) एकदा मिळतो, राउंडला (सगळ्यांची एकेक खेळी होईपर्यंत) एकदा नव्हे. म्हणजे दुसऱ्याच्या टर्नमध्ये रिअॅक्शन (दुसऱ्याच्या कृतीला तिथल्या तिथे उत्तर) वापरून वार करता आला आणि बाकीच्या अटी जुळल्या, तर तो पुन्हा लागतो. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) चुकून म्हणाला, “या राउंडचा झाला तुझा.” झालं! रूल्स लॉयरने पुस्तक उघडलंच. तिकडे ड्रॅगन हवेत ताटकळतोय, क्लेरिक (गटातला पुरोहित) शेवटच्या घटका मोजतोय, आणि इकडे पान शोधणं चालू. पॉवरगेमर अशा वेळी फारसा बोलत नाही. त्याने सेंटिनेल नावाचं फीट (कॅरॅक्टरचं खास कसब) कधीच घेऊन ठेवलंय. शेजारच्या शत्रूने साथीदारावर हात उगारला की याचा जादा वार तयार. ताकद, चपळाई अशा सहा गुणांसाठी खर्चायचे पॉइंट-बायचे २७ पॉइंटही त्याने तीन पंधरा आणि तीन आठ असे चोख बसवलेले. सगळं नियमात. जळफळाट होतो तो बार्ड (शाहिरासारखं कॅरॅक्टर) खेळणारीचा, कारण तिचा नंबर यायच्या आत लढाई संपलेली असते.

रूल्स लॉयरमध्येही दोन जाती असतात. सोसायटीच्या वार्षिक सभेला उपविधींची प्रत घेऊन येणारे काका आठवा: काही फक्त स्वतःच्या पार्किंगसाठी कलम काढतात, काही स्वतःला दंड बसला तरी कलम वाचून दाखवतात. “थांब, मला मार बसलाय, माझा कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह राहिला,” (म्हणजे चालू मंत्र टिकतो का, हे बघायला फासा टाकायचा राहिला) असं जो आपणहून म्हणतो, त्याला सोडू नका. नव्या डीएमला असा माणूस लाखमोलाचा.

स्वतःच्या सोयीपुरतंच कलम काढणाऱ्यासाठी उपाय सोपा आहे: आत्ता डीएम म्हणेल ते चालेल, पुस्तक वडापावच्या ब्रेकमध्ये. पॉवरगेमरला हे लागू पडत नाही, त्याने कुठलाच नियम मोडलेला नसतो. त्याच्याशी पहिल्या डावाआधीच बोलावं लागतं. सगळ्यांचे कॅरॅक्टर शीट एकत्र मांडून बघायचे आणि नवख्यांची कॅरॅक्टर्स बांधायला त्यालाच बसवायचं. हे काम तो आवडीने करतो, असा माझा अनुभव. त्याला आवरायला राक्षसांचे हिट पॉइंट (मार सोसायची क्षमता) आणि मारा वाढवणं मात्र अगदीच चुकीचं. त्याला उलट चेव येतो, आणि मरते ती बिचारी बार्ड.