द्रव आणि वायू यांच्यातली रेघ

शाळेत घनतेवरून पदार्थाचे तीन खण पाडून मिळतात: स्थायू दाट, द्रव थोडा कमी, वायू एकदम विरळ. बर्फ पाण्यावर तरंगून पहिल्या खणाची शिस्त मोडतो, तो अपवाद सगळ्यांना पाठ असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या खणातली भिंत मात्र दोनशे वर्षांपूर्वीच ढासळली, ते फारसं कोणी सांगत नाही.

१८२२ साली फ्रेंच संशोधक शार्ल कान्यार द ला तूर यांनी बंदुकीच्या नळीत अल्कोहोल आणि एक गोळी घालून तोंड बंद केलं. नळी तापवत ते ती कलती करत आणि कान देऊन ऐकत. गोळी द्रवात शिरताना येणारा चुबुक आवाज एका ठरावीक तापमानापुढे येईनासा झाला. मग त्यांनी काचेच्या नळ्या घेतल्या, तेव्हा द्रवाचा पृष्ठभागच नाहीसा होताना दिसला.

असं का होतं, ते पाण्याच्या आकड्यांत स्वच्छ दिसतं. १०० अंश सेल्सिअसला एक घनमीटर पाणी ९५८ किलो भरतं, आणि तेवढीच वाफ जेमतेम ०.६ किलो. बंद भांड्यात तापवत गेलं की पाणी फुगून हलकं होतं आणि वर कोंडलेली वाफ दाट होत जाते. ३०० अंशांना पाणी ७१२, वाफ ४६. ३५० ला ५७५ आणि ११४. ३७४ अंशांना दोन्ही ३२२ च्या आसपास येऊन मिळतात. घनतेतला फरक संपला की पृष्ठभाग उरायला जागाच नाही.

याला ‘क्रांतिक बिंदू’ हे नाव दिलं बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी. कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१ अंशांच्या वर कितीही दाबला तरी त्याचे द्रव आणि वायू असे दोन थर पडत नाहीत, हे त्यांनी १८६९ मध्ये मांडलं. दाब देऊन वायूंचे द्रव करू पाहणाऱ्या फॅरेडेंसारख्या शास्त्रज्ञालाही ऑक्सिजन, हायड्रोजन का दाद देत नव्हते, तेही यातून उलगडलं: नुसता दाब पुरेसा नव्हता, आधी पुरेशी थंडी हवी होती. १८७३ मध्ये व्हान डर वाल्स यांनी द्रव आणि वायू दोघांना एकाच समीकरणात बसवलं. माझ्या मते खरी उडी तीच. १९०८ मध्ये लायडनला हेलियमही द्रवरूप झाला. स्थायू आणि द्रव यांच्यात मात्र असा बिंदू आजवर सापडलेला नाही.

नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्रातले ६६० मेगावॉटचे संच याच हिशेबावर चालतात. जुन्या पद्धतीच्या बॉयलरला ड्रम लागतो, कारण जड पाणी खाली ठेवून हलकी वाफ वरून काढून घ्यायची असते. कोराडीच्या या संचांत दाब २२१ बारच्या, म्हणजे पाण्याच्या क्रांतिक बिंदूवरच्या दाबाच्या, वर असल्याने वेगळं करायला दोन थरच नसतात, म्हणून त्यांना ड्रम नाही.