हृदयावरचा वण

हृदयविकाराच्या झटक्यानंतर टू-डी इकोचा रिपोर्ट हातात पडला की घरचे पहिल्यांदा विचारतात, ‘पंपिंग पुन्हा पूर्वीसारखं होईल ना?’ हात कापला तर खपली धरते, आठवड्यात कातडी भरून येते. मोडलेलं हाडही जुळतं. मग हृदय का नाही?

१८९४ मध्ये इटलीच्या जुलिओ बिझोझेरो यांनी ऊतींचे तीन गट पाडले. कातडी, रक्त, आतड्याचं अस्तर सतत नवं होतं. यकृतासारख्या अवयवाच्या पेशी गरज पडली तरच विभागतात. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदराच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढला, तरी उरलेला भाग वाढून ती तूट भरून निघाली. तिसरा गट मेंदू आणि स्नायूंचा, कायमस्वरूपी पेशींचा. हृदय त्यातच गणलं गेलं.

दरम्यान, अलेक्सी कॅरेल यांनी १९१२ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातली ऊती भांड्यात वाढवायला घेतली. ते कल्चर १९४६ पर्यंत चाललं आणि पेशी अमर असतात, असा समज रुजला. १९६१ मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड यांनी तो मोडला: माणसाच्या साध्या पेशी पन्नासेक वेळा विभागून थांबतात. हृदयाची अडचण मात्र वेगळी. त्याच्या स्नायुपेशी ही मर्यादा गाठेपर्यंत विभागतच नाहीत, जन्मानंतर लवकरच थांबतात.

अजिबातच विभागत नाहीत का? याचं उत्तर अणुबॉम्बच्या चाचण्यांतून मिळालं, आणि मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. उघड्यावरच्या चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारापर्यंत झालेल्या स्फोटांनी हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचं किरणोत्सारी रूप, जवळपास दुप्पट केला. तो पिकांत, तिथून ताटात आणि शेवटी पेशींच्या डीएनएत उतरला. हवेतलं त्याचं प्रमाण वर्षागणिक बदलत गेलं, म्हणून पेशी जन्मली त्या वर्षाचा शिक्काच तिच्यावर बसला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ मध्ये तो वाचला: पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायुपेशी बदलतात, पंच्याहत्तरीत ०.४५ टक्के. आयुष्यभरात निम्म्याही नाहीत.

झटक्यात मात्र काही तासांत सुमारे अब्जभर पेशी मरू शकतात. त्या जागी कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा पांढुरका, चिवट वण धरतो. तो हृदयाची भिंत फाटू देत नाही, पण आकुंचनही पावत नाही. पंपिंग कमी होतं ते इथे.

२००१ पासून अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी (स्टेम सेल) नवा हृदयस्नायू घडवतात, असे दावे गाजले. २०१८ मध्ये हार्वर्ड आणि ब्रिगहॅम रुग्णालयाने त्या संशोधनातले ३१ निबंध मागे घ्यायला सांगितलं. या आशेवर किती रुग्ण ट्रायलमध्ये उतरले होते, याचं मला फार वाईट वाटतं.

खरा धागा २०११ च्या प्रयोगात दिसतो. एक दिवसाच्या उंदराच्या हृदयाचा टोकाकडचा भाग कापला, तर तो जवळपास वण न राहता भरून आला. सात दिवसांच्या पिल्लात तिथे वण धरला. त्या आठवड्यात पेशींत नेमकं काय बंद पडतं, हे शोधण्याचं काम आजही चालू आहे.