हरणाचे कोठीपोट आणि मक्याची रास

उत्तर अमेरिकेच्या थंड राज्यांत हिवाळा सरता सरता पांढऱ्या शेपटीची काही हरणे मेलेली आढळतात आणि शवविच्छेदनात त्यांचे पोट मक्याच्या दाण्यांनी गच्च भरलेले निघते. बर्फात त्यांची उपासमार होऊ नये, म्हणून कुणीतरी कळवळ्याने टाकलेला तो मका असतो आणि त्यांचा जीवही त्यानेच घेतलेला असतो.

गाई-म्हशींप्रमाणे हरीणही रवंथ करते आणि त्याचा चारा पचवण्याचे काम कोठीपोटातील, म्हणजे जठराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील, अब्जावधी सूक्ष्मजीव करतात. ऋतूनुसार आहार बदलतो, तशी या सूक्ष्मजीवांची वस्तीही बदलते. हिवाळ्यात मेपल, सीडार अशा झाडांच्या डहाळ्या आणि कळ्या खाऊन हरणे दिवस काढतात, तेव्हा चिवट तंतू फोडणाऱ्या जिवाणूंचे प्राबल्य असते. वेगळ्या खाद्याला सरावायला या वस्तीला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. अशा पोटात एकाएकी भरपूर मका गेला, की त्यातील स्टार्च झपाट्याने आंबतो, लॅक्टिक आम्ल साचते, सामू (pH) घसरतो, तंतू पचवणारे जिवाणू मरू लागतात, कोठीपोटाच्या अस्तराला इजा होते आणि रक्तातील पाणी पोटात ओढले जाऊन हरीण एक ते तीन दिवसांत दगावू शकते. आपल्याकडे धान्याच्या राशीत तोंड घातलेल्या गाईला होणारे आम्ल अपचन ते हेच.

मुळात निरोगी हरणाला या दानाची गरज क्वचितच असते. शरद ऋतूत त्याने चरबी साठवलेली असते. हिवाळ्यात त्याचा चयापचय मंदावतो, हालचाल कमी होते, समोर अन्न असले तरी भूक घटते आणि वजनाचा पाचवा हिस्सा गमावूनही ते वसंत गाठू शकते. दाट सूचिपर्णी झाडांचा आडोसा सोडून खोल बर्फातून राशीपर्यंत जाण्यात मात्र ही जपलेली ऊर्जा खर्च होते.

त्याहून गंभीर प्रश्न गर्दीचा आहे. एरवी विखुरलेली हरणे राशीवर नाकाला नाक लावून खातात. 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' हा मेंदूचा जीवघेणा रोग 1967 मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत प्रथम लक्षात आला आणि आज तो अमेरिकेच्या तीसहून अधिक राज्यांत पसरला आहे. त्याला कारणीभूत असलेली विकृत प्रथिने, म्हणजे प्रायॉन, लाळ, मूत्र आणि विष्ठेतून बाहेर पडून मातीत वर्षानुवर्षे टिकतात. रोगावर ना लस आहे, ना उपचार. मिशिगनमध्ये 1994 नंतर रानातील हरणांत गोवंशीय क्षयरोग आढळत राहिला, त्यामागेही खाद्यावरील गर्दी हे मोठे कारण मानले गेले. न्यू जर्सी किंवा मिशिगनमधील मराठी घरांच्या परसात हरणे येतात, तेव्हा मुलांनी कितीही हट्ट केला तरी पाव किंवा मका टाकू नये, असे मला कळकळीने वाटते.

ज्यांच्याकडे जमीन आहे, त्यांच्यासाठी हरणांकरिता चारा पेरणे हा निश्चितच बरा मार्ग आहे, कारण उगवता पाला हळूहळू आहारात येतो आणि सूक्ष्मजीवांना सरावायला अवधी मिळतो. क्लोव्हर (आपल्या बरसीमचा भाऊबंद), चिकोरी, ओट आणि राय ही तिथली नेहमीची पिके. माती तपासून, आम्लधर्मी असल्यास चुना घालून सामू साडेसहाच्या आसपास आणावा आणि क्लोव्हरच्या बियाण्याला योग्य रायझोबियमची (मुळांवरील गाठींत राहून हवेतील नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंची) बीजप्रक्रिया करावी. पट्टे लांबट, रानाच्या कडेने आणि एकाहून अधिक ठिकाणी असावेत, म्हणजे गर्दी विभागली जाते.

तरीही माझा कौल रानालाच आहे. दाटीतील काही निवडक झाडे तोडून जमिनीवर ऊन पोहोचू दिले, की बुंध्यांना धुमारे फुटतात आणि हरणाच्या तोंडाच्या उंचीवर स्थानिक पाला तयार होतो. हरणे आधीच जास्त असतील, तर मात्र चारा वाढवणे घातक ठरते. वाढलेले कळप रानातील रोपे वर येऊच देत नाहीत. त्याची खूण डहाळ्यांवर दिसते. हरणाला वरचे पुढचे दात नसल्याने त्याने खाल्लेली डहाळी ओढून तोडल्यासारखी, रेशे निघालेली दिसते. सशाने कुरतडलेली तिरकी आणि स्वच्छ कापलेली असते. पेरलेल्या पट्ट्यात जाळीचा एक छोटा पिंजराही उभारावा. त्याच्या आतील क्लोव्हर गुडघ्याला लागत असताना बाहेरचा जमिनीलगत खुडलेला असेल, तर पेरा वाढवण्याआधी हरणांची संख्या तपासावी.