ग्रामनेतृत्वाच्या पद्धती (महाराष्ट्र)

गावाचे सामाईक निर्णय कोण घेतो, ते न पटणाऱ्याला बोलायला किती जागा असते आणि पुढारी गावाबाहेर असताना ठरलेले काम चालते की थांबते, यांवरून गावच्या नेतृत्वाची पद्धत ओळखता येते. महाराष्ट्रात या विषयाची चर्चा बहुधा ‘आदर्श गाव’ या शब्दाभोवती फिरते. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार आणि मेंढा (लेखा) ही तीन गावे त्यात हमखास एका दमात घेतली जातात. तिन्ही गावांनी आपली स्थिती पालटली हे खरे असले, तरी तिथे निर्णय होण्याच्या रीती एकमेकींशी फारशा जुळत नाहीत.

नेतृत्वशैलींचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो गावांवर नव्हे, तर शाळकरी मुलांवर. कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे गट केले आणि त्यांना हुकूमशाही, लोकशाही व मोकाट सोडणारे असे तीन प्रकारचे म्होरके दिले. हुकूमशाही गटांचे काम कमी भरले नाही. पण म्होरक्या खोलीबाहेर गेला की ते ढेपाळायचे. लोकशाही गटांत काम चालू राहायचे. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी त्याआधीच हा प्रश्न वेगळ्या अंगाने मांडला होता: एका माणसाच्या तेजावर उभी राहिलेली सत्ता त्याच्यामागे टिकायची, तर ती परंपरेत किंवा नियमांत मुरावी लागते. गावांकडे पाहताना हे दोन्ही धागे उपयोगी पडतात.

राळेगणसिद्धी (ता. पारनेर, जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) हे अवर्षणप्रवण पट्ट्यातले गाव. सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे 1975 मध्ये गावी परतले, तेव्हा हातभट्ट्या हाच तिथला भरवशाचा धंदा होता. अण्णांनी स्वतःच्या पैशातून यादवबाबांचे पडके मंदिर बांधून काढायला घेतले आणि त्या कामातून गावात त्यांचा शब्द चालू लागला. पाणलोटाची कामे त्यानंतरची. त्यांसाठी पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीचा (पाण्याच्या समान वाटपाच्या चळवळीचा) धडा त्यांच्यासमोर होता. नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री ठरली. धान्य बँक, सामुदायिक विवाह, नापास मुलांना आवर्जून प्रवेश देणारी शाळा असे पुष्कळ काही उभे राहिले.

दारूबंदी मात्र दंडाच्या जोरावर आली. ऐकत नाही अशा दारुड्याला खांबाला बांधून फटके दिले जात. अण्णांनी हे कधी लपवले नाही. आई लेकराला कडू औषध पाजते तसे ते आहे, असे समर्थन ते करत. ज्यांच्या घरातला मार थांबला त्या बायकांना हे समर्थन पटले असेल, आणि ते समजण्यासारखे आहे. पण या शैलीची किंमत दुसरीकडे दिसते. गावाने दलित कुटुंबांच्या शेतात श्रमदान करून त्यांचे कर्ज फेडायला हातभार लावला, ही राळेगणची अभिमानाची गोष्ट. तरी सगळ्यांनी पाळायचे आचारनियम ठरवताना याच कुटुंबांचा आवाज कितपत होता, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुका बिनविरोध करण्याचा प्रघातही याच वळणाचा. बिनविरोध निवडणूक एकीची खूण मानली जाते. विरोध करण्याची सोय नव्हती एवढाही तिचा अर्थ असू शकतो.

राज्य शासनाने 1992 मध्ये अण्णांच्याच मार्गदर्शनाखाली आदर्श गाव योजना सुरू केली. तालुक्याला एक राळेगण उभे करायचे, असा तिचा बेत होता. निधी पोचला आणि बांधही घातले गेले, पण बहुतेक ठिकाणी राळेगण काही झाले नाही. पंचसूत्रीचा कागद शासनाला गावोगाव पाठवता येत होता, मंदिराच्या ओट्यावर बसून तो राबवणारा माणूस पाठवता येत नव्हता.

त्याच जिल्ह्यातले नगर तालुक्यातील हिवरे बाजार हा या योजनेतला ठळक अपवाद. वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण झालेले, क्रिकेटमध्ये रमणारे पोपटराव पवार 1989 मध्ये तिथे सरपंच झाले. राळेगणची सूत्रे त्यांनी घेतलीच, शिवाय त्यांत बोअरवेलबंदी आणि लोटाबंदी (उघड्यावर शौचास जाण्यास मनाई) यांची भर घातली. हिवरे बाजारचे वेगळेपण दिसते ते पाण्याच्या ताळेबंदात. पावसाळा संपला की पर्जन्यमापक आणि निरीक्षण विहिरींच्या नोंदी मांडून, पिण्यासाठी, जनावरांसाठी व शेतीसाठी किती पाणी आहे याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवला जातो आणि रब्बीला कोणते पीक घ्यायचे ते त्यावरून ठरते. ऊस, केळी यांसारखी पाणीखाऊ पिके टाळायची हा दंडक. सरपंचाचा हुकूम नको असेल त्याला आकड्याशी भांडावे लागते. आणि आकडा कोणालाही तपासता येतो. अर्थात पाण्याचा निर्णय आकड्यावर होतो म्हणून गावातले सगळेच नियम तसे आहेत असे नाही. गावातली जमीन बाहेरच्याला न विकण्याचा नियम, लग्नाआधी एचआयव्ही तपासणीचा आग्रह, हे सारे व्यक्तीच्या खासगी क्षेत्रात बरेच आत शिरणारे आहे.

जानेवारी 2021 च्या ग्रामपंचायत निवडणुकांत या दोन्ही गावांतला बिनविरोधचा प्रघात मोडला. हिवरे बाजारात सुमारे तीन दशकांनी मतदान झाले आणि पवारांच्या पॅनेलने सातपैकी सातही जागा घेतल्या. आदर्श गावात निवडणूक लागली म्हणून तेव्हा हळहळ व्यक्त झाली. ती अनाठायी वाटते. इतक्या वर्षांची संमती मतपेटीत मोजून मिळाली, हे पवारांच्या बाजूचे सर्वांत भक्कम प्रमाणपत्र आहे.

मेंढा (लेखा) हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातले सुमारे शंभर घरांचे गोंड गाव. भोपालपट्टणम व इंचमपल्ली धरणांविरुद्ध 1980 च्या दशकात झालेल्या ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलनातून ते जागे झाले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावची. देवाजी तोफा हे गावचे परिचित नाव आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल हे दीर्घकाळचे सहकारी होते. पण मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत आणि पुढाऱ्याच्या शब्दानेही नाहीत; सर्वसहमती होईपर्यंत विषय पुढच्या बैठकीत जातो. एकाचाही नकार असेल तर ठराव थांबतो. शिवाय निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी आणि विषय समजून घेणारा अभ्यासगट वेगळा. अभ्यासगटात बाहेरचे जाणकार बसतात, वाद घालतात, कायदा वाचतात. निर्णयाच्या वेळी मात्र गावकरीच असतात. ही फारकत हीच मेंढ्याची खरी शोधक कामगिरी म्हणावी लागेल, कारण बाहेरच्या शहाण्यांच्या हाती गाव जाण्याचा धोका तिने टाळला.

दारूचा प्रश्न इथेही आला. तो बैठकींमागून बैठका घेत, पूजेपुरत्या मोहाच्या दारूचे काय करायचे अशा बारकाव्यांसकट सुटत गेला. वेळ फार लागतो, ही या पद्धतीवरची टीका खरी आहे. पण वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा तो वापरायला गाव तयार होते. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यावर वनखाते अडून बसले. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते परवानापुस्तक ग्रामसभेला मिळाले. बांबूविक्रीचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागला. महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम 1964 नुसार आपली खासगी जमीनही ग्रामसभेला देण्याचे गावाने 2013 मध्ये ठरवले. शंभर घरांतून असा ठराव एकमताने होणे सर्वसहमतीच्या सवयीशिवाय अवघड होते. मोठ्या, अनेक जातींच्या, बाजारपेठेच्या गावात ही रीत जशीच्या तशी चालेल असे मात्र दिसत नाही.

कायद्यानेही नेतृत्वाची घडण बदलते. राज्यात स्त्रियांसाठी पंचायतींत 2011 पासून निम्म्या जागा राखीव आहेत. अनेक ठिकाणी ‘सरपंचपती’ कारभार करताना दिसतात, पण नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद जिथे पाळली जाते तिथे पाणी, रेशन, दारू हे विषय वर येतात. गावातले दारू दुकान बंद करण्यासाठी स्त्रियांचे गुप्त मतदान घेता येते. मतदारयादीतल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांनी ‘आडवी बाटली’ला (बंदीच्या चिन्हाला) कौल दिला तर दुकान हटते. राळेगणचा खांबही नको आणि मेंढ्याच्या वर्षभराच्या बैठकाही नकोत, असा हा तिसरा मार्ग. सरपंचाची निवड 2017 मध्ये थेट जनतेतून होऊ लागली, 2020 मध्ये ती पुन्हा सदस्यांकडे गेली आणि 2022 मध्ये परत जनतेकडे आली. थेट निवडलेला सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या गटाचे, अशी कोंडी त्यामुळे अनेक ग्रामपंचायतींत झाली आहे. तिथे सरपंचाला दर महिन्याच्या मासिक सभेत विरोधकांना सोबत घेऊनच बिले मंजूर करून घ्यावी लागतात.