वस्तुमान प्रवाह दर आणि नळातील वेग

नळाच्या एखाद्या छेदातून दर सेकंदाला जितक्या वस्तुमानाचा द्रव किंवा वायू पुढे जातो, त्याला वस्तुमान प्रवाह दर म्हणतात. घनता, छेदाचे क्षेत्रफळ आणि सरासरी वेग यांच्या गुणाकारातून तो मिळतो. एकक किलोग्रॅम प्रति सेकंद. नळ भरून वाहत असेल, कुठे गळत नसेल आणि प्रवाह स्थिर असेल, तर नळ वाटेत जाड होवो की बारीक, हा दर सगळीकडे तेवढाच राहतो. हेच सातत्य समीकरण. इटलीच्या बेनेदेत्तो कास्तेल्ली यांनी १६२८ मध्ये वाहत्या पाण्यासाठी हा नियम मांडला.

पाणी दाबून दाबले जात नाही, त्यामुळे जागा अरुंद झाली की त्याला वेग वाढवण्यावाचून गत्यंतर नसते. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरची गर्दी नेमकी उलट वागते: चिंचोळ्या जागी माणसे एकमेकांना चिकटतात, म्हणजे घनता वाढते आणि वेग मंदावतो. पाण्याला ही सवलत नाही.

क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्याने व्यास निम्मा झाला की वेग दुप्पट नव्हे, चौपट होतो. समजा, गच्चीवरच्या टाकीतून मिनिटाला १५ लिटर पाणी उतरते आहे, म्हणजे सेकंदाला ०.२५ किलो. आतून २५ मिमी व्यासाच्या पाइपात त्याचा वेग सेकंदाला साधारण ०.५१ मीटर असेल. पुढे रिड्यूसर लावून पाइप १२.५ मिमीचा केला, तर २.०४ मीटर.

हाच नियम नळाशिवायही दिसतो. तोटी अर्धवट उघडून पडणारी धार पाहावी: खाली जाताना ती निमुळती होते. तोंडाशी वेग सेकंदाला १ मीटर असेल, तर २० सेंटिमीटर खाली तो सुमारे २.२ मीटर होतो आणि धारेची जाडी दोन तृतीयांशावर येते.

पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये गच्चीलगतच्या मजल्यावर शॉवरला ‘फोर्स’ नसतो, कारण टाकी डोक्यावर जेमतेम दोन-तीन मीटर असते. त्यावर ‘पाइप बारीक करा, प्रेशर वाढेल’ हा सल्ला हमखास मिळतो. तो चूक आहे. सातत्य समीकरण फक्त दोन ठिकाणच्या वेगांचे गुणोत्तर सांगते. एकूण पाणी किती येईल, हे टाकीची उंची आणि पाइपातले घर्षण ठरवतात. बारीक भागात वेग वाढतो तेव्हा दाब उलट घटतो. शिवाय तेवढेच पाणी निम्म्या व्यासाच्या पाइपातून न्यायचे, तर घर्षणात जाणारा दाब सुमारे ३२ पट होतो. मग बागेच्या नळीवर अंगठा दाबला की धार लांब का जाते? अंगठ्यामुळे एकूण प्रवाह घटतो, नळीतले घर्षणही घटते, आणि तिथे वाचलेला दाब तोंडाशी वेगाच्या रूपाने बाहेर पडतो. खात्री करायची असेल तर बादली लावावी; अंगठा दाबल्यावर ती उशिरा भरते.

‘नळ भरून वाहणे’ ही अट महत्त्वाची. पेशवाईत नानासाहेबांच्या काळी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणारा नळ बांधला गेला. तो खरे तर माणूस आत शिरू शकेल असा दगडी बोगदा, आणि मधूनमधून हवा खेळती ठेवणारे उच्छ्वास. अर्धवट भरून वाहणाऱ्या अशा नळात सूत्रात घालायचे क्षेत्रफळ बांधकामाचे नव्हे, वाहत्या पाण्याच्या छेदाचे. उतार कमी झाला की पाण्याची पातळी चढते, वेग उतरतो, आणि गुणाकार तोच राहतो.

वायूंच्या बाबतीत घनता बदलते, म्हणून लिटरचा हिशेब फसतो आणि वस्तुमानाचाच खरा ठरतो. भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमधला कॉम्प्रेसर हवा मापकावरच्या ६ बारपर्यंत दाबतो (म्हणजे साधारण १ बारच्या वातावरणीय दाबासकट एकूण ७ बार), तेव्हा थंड झालेली ती हवा मूळच्या सुमारे एक सप्तमांश जागेत मावते. तिचे वस्तुमान मात्र बदललेले नसते. म्हणूनच कॉम्प्रेसरची क्षमता दाबलेल्या हवेत न सांगता तो बाहेरची मोकळी हवा किती ओढतो यावर सांगतात.